माड-पोफळीच्या आगरात दुसरं घर बांधायचं मनात आहे? आधी आमच्याशी एवढं बोला

ही विचारणा आमच्याकडे हमखास गौरी-गणपती झाल्यावर येते. ओटीपासून पडवीपर्यंत गाद्या, एका न्हाणीघरापुढे अकरा जणांची रांग, आणि विसर्जनाच्या रात्री कोणीतरी म्हणतं, "मागे दोन खोल्यांचं बांधूनच टाकू." आम्ही पडलो घरं बांधून देणारे, 'बांधा' म्हणण्यातच आमचा फायदा. तरी पहिल्या भेटीत एवढंच विचारतो: आषाढात तिथे दिवा कोण लावणार?

उत्तर नक्की नसेल तर थांबा. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने बंद खोलीत दारं फुगतात, गाद्यांना बुरशी येते, चौकटीला वाळवी लागते. पाच दिवसांच्या गर्दीसाठी मागची पडवी बंदिस्त करून खोली काढावी, दोन संडास-बाथरूम वाढवावेत. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. मुलगा-सून कायमची गावी येणार असतील किंवा पर्यटकांना खोल्या द्यायच्या असतील, तर मात्र वेगळं घर जरूर बांधा.

मग सातबारा काढा. त्यावर काका, आत्या, मुंबईचे चुलतभाऊ अशी नावं असतील तर बांधकामाचा चिरा, म्हणजे जांभा दगड, उतरवण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे बरेच जण सोयीने विसरतात. जागा गावठाणाबाहेर असेल तर जमीन बिनशेती करण्याचं पाहावं लागतं. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत, किंवा खाडीकाठी, सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम लागू होऊ शकतात. शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपल्यालाही चालेल असं धरू नका.

खरी अडचण विहिरीची. आपला जांभा सच्छिद्र, भेगाळलेला. संडास-बाथरूमचं सांडपाणी जिरवायच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून कुठे निघेल सांगता येत नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान 50 फूट अंतर, आणि खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, हा आमचा नियम. तेवढी जागा निघत नसेल तर आम्ही काम घेत नाही. यावरून गिऱ्हाइकं रागावलीही आहेत, पण ते पाणी शेवटी तुम्हीच पिणार. शेजारच्या वाडीतली विहीरही मोजण्यात धरा.

माडांचंही तसंच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात माड-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. म्हातारा, कललेला माड छपराच्या टप्प्यात असेल तर घर सरकवा, नाहीतर माड उतरवा. वादळ नसलं तरी झावळ पडून कौलं फुटतातच.

चिरा पावसाआधी घेऊन ठेवा, नंतर खाणीत पाणी भरतं. खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. त्यामुळे थोडा आधी आणलेला बरा. खाडीची खारी रेती स्लॅबला कितीही स्वस्त मिळाली तरी नको. सळया आतून गंजतात आणि काही वर्षांत गिलावा पोपडे धरून खाली येतो.

जागा पाहायला आम्हाला शक्यतो भर पावसात बोलवा. तुम्ही दाखवता त्याच कोपऱ्यातून कधी कधी अख्ख्या आगराचं पाणी वाहत असतं, आणि मे महिन्यात ते कुणालाच दिसत नाही. छत्र्या आमच्या आम्ही आणू. शिडी तेवढी काढून ठेवा, आलोच आहोत तर जुन्या घराची कौलंही बघून घेऊ.