घाममाशी

हॅलिक्टिडी कुलातील रानटी मधमाशी. या कुलात ४,००० हून अधिक जाती आहेत. बहुतेक काळपट, काही लखलखीत हिरव्या. उन्हात राबणाऱ्याच्या मनगटावर बसून घामातले क्षार टिपायची सवय असल्याने हे नाव पडले. डंख फक्त मादीला असतो आणि चिरडली गेल्याशिवाय ती सहसा तो मारत नाही. हात झटकण्यापेक्षा तिला पिऊ द्यावे.

मेणाचे पोळे ती बांधत नाही. बहुतेक जाती जमिनीत बीळ खोदतात, थोड्या कुजक्या लाकडात राहतात. ऊन लागणारी, गवत विरळ असलेली जागा तिला आवडते. ओळखायची खूण म्हणजे भुसभुशीत मातीची टीचभर रास आणि मधोमध पेन्सिलीहून बारीक भोक. अशी अनेक बिळे एकमेकांना लागून असली की वरवर पाहणाऱ्याला ती मुंग्यांचीच वाटतात.

खरी कारागिरी आत, बोगद्याच्या कडेला कोरलेल्या कोठड्यांत असते. मादी पोटाच्या टोकाने माती चोपून भिंत गुळगुळीत करते आणि स्वतःच्या ग्रंथीतला स्राव तिच्यावर सारवते. त्यामुळे ओल आत झिरपत नाही. मग पराग आणि मकरंद मळून केलेला गोळा ठेवायचा, त्यावर एकच अंडे घालायचे आणि दार लिंपून टाकायचे. अळीची सगळी शिदोरी ती एवढीच. कोष न विणता ती तिथेच माशी होते.

एकटे राहायचे की कुटुंब करायचे, हे काही जातींत हवामानावर ठरते. हॅलिक्टस रुबिकुंडस या जातीत उन्हाळा लांबला तर पहिल्या लेकी आईच्या हाताखाली कामकरी होतात. थंड प्रदेशात हीच माशी एकटी संसार करते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रिटनच्या उत्तरेकडील माद्या दक्षिणेत हलवल्या, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी कामकरी लेकी वाढवल्या. कुटुंबाच्या बिळात बऱ्याचदा एक माशी दारात डोके अडवून राखण करते. ही राखण हवीच, कारण स्फेकोडेस ही आयतखाऊ माशी आत शिरून अंडे नष्ट करते आणि त्या गोळ्यावर स्वतःचे घालते.

बऱ्याच जातींत हिवाळ्याआधी नर मरतात. फळलेली मादी जमिनीत निजून राहते आणि वसंतात नवे बीळ खोदते.

जमीन नांगरली की वस्ती जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टुशे खोऱ्यात मात्र लसूणघासाचे परागण होऊन बियाणे मिळावे म्हणून शेतकरी नोमिया मेलँडेरी या घाममाशीला ओलसर, खारट मातीचे वाफे राखून ठेवतात. माश्या चिरडू नयेत म्हणून तिथल्या रस्त्यांवर वाहने हळू हाकण्याच्या पाट्याही आहेत.