कर्जमुक्ती आणि फास

लंडनमध्ये लुडगेट हिलवर जॉन पेरट नावाच्या माणसाचं कापडाचं दुकान होतं. त्याचं दिवाळं निघालं, आणि त्याने पैसा दडवून ठेवल्याचं चौकशीत उघड झालं. 1761 साली स्मिथफील्डला त्याला फाशी दिली. खून नाही, दरोडा नाही, नुसती लपवाछपवी! खरी गंमत पुढेच आहे. दिवाळखोराला फासावर चढवणारी ही तरतूद आणि त्याचं उरलेलं कर्ज पुसून टाकणारी तरतूद, दोन्ही इंग्लंडमध्ये एकाच कायद्याने आणल्या होत्या.

त्याआधीचा, आठव्या हेन्रीचा 1542 चा कायदा सरळ होता. बुडालेला कर्जदार म्हणजे लबाड. त्याची मालमत्ता विका, धनकोंना वाटा, आणि राहिलेलं देणं त्याच्या डोक्यावर तसंच राहू द्या. पण यात एक खोट होती. सगळं दाखवलं तरी कर्ज सुटणार नाही, मग दाखवायचं कशाला? पैसा नातेवाइकांकडे ठेवावा आणि गाव सोडावं, हेच शहाणपणाचं. यात धनकोंच्याही हाती काही लागत नसे.

राणी ॲनच्या काळात, 1705 साली, पार्लमेंटने सौदा मांडला. वह्या उघड कर, मालमत्ता शपथेवर सांग, मग उरलेलं कर्ज माफ. वर बक्षीसही होतं. धनकोंना पौंडामागे 8 शिलिंग, म्हणजे 40 टक्के मिळाले, तर वसुलीतले 5 टक्के दिवाळखोराला, कमाल 200 पौंड. समजा हजार पौंडांच्या कर्जापोटी पाचशे वसूल झाले, तर त्यातले 25 त्याचे. आणि फसवलंस तर फास. माझ्या मते याला दया म्हणणं भाबडेपणाचं आहे. माणसाला खरं बोलायला लावण्याची ती युक्ती होती. दुसऱ्याच वर्षी धनकोंनी आपला हात राखून घेतला: चार-पंचमांश धनकोंची संमती असेल तरच माफी.

शिवाय ही सवलत फक्त व्यापाऱ्यांना. पगारदार बुडाला की तुरुंग. चार्ल्स डिकन्सचे वडील आरमाराच्या कचेरीत कारकून होते. 1824 मध्ये पाववाल्याच्या सुमारे 40 पौंडांच्या उधारीपायी ते मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. इंग्लंडमध्ये बिगर-व्यापाऱ्यांना दिवाळखोरीचं दार 1861 मध्ये उघडलं. अमेरिकेने 1898 च्या कायद्यात धनकोंच्या संमतीची अटच काढून टाकली.

आपल्याकडे 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जमुक्तीची स्वतःची रीत काढली: सावकारांकडून रोखे आणि वह्या ओढून घेतल्या आणि जाळल्या. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, आणि नुसत्या रोख्यावर विसंबून न राहता व्यवहार पहिल्यापासून तपासायचं काम कोर्टावर आलं. लंडनमध्ये वही ऋणकोला उघडावी लागली होती. इथे ती सावकाराला उघडावी लागली.