इंजिन तापण्यामागची सव्वाशे वर्षं

कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळणं हा बिघाड नव्हता, इंजिन थंड ठेवायची तीच रीत होती. सिलिंडरभोवतीचं पाणी वाफ होऊन उडायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. १८८८ मध्ये बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या, त्या वाटेत मिळेल तिथे पाणी भरतच.

हे चित्र विल्हेल्म मायबाख यांनी पालटलं. १९०१ च्या मर्सिडीजच्या रेडिएटरमध्ये त्यांनी आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या बसवल्या. नळ्यांतून वारा, त्यांच्या फटींतून पाणी आणि मागे पंखा. तेच पाणी निवून पुन्हा इंजिनात जाऊ लागलं, आणि तेही थोडं पुरू लागलं. आजचा रेडिएटर याच कल्पनेवर उभा आहे.

माझ्या मते सगळ्यात मोलाची भर मात्र रेडिएटरच्या साध्या दिसणाऱ्या झाकणाची. दाबाचं झाकण आलं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकला: वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार (जवळपास वातावरणाइतकाच) दाब असेल तर नुसतं पाणीही सुमारे १२० अंशांवर उकळतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये. दाब सुटताक्षणी पाण्याची वाफ होते आणि हात-तोंड भाजतं.

द्रुतगती मार्ग होण्याआधी बोरघाटाच्या चढणीवर बोनेट उघडून थांबलेल्या फियाट आणि अँबेसेडर अनेकांना आठवत असतील. तेव्हाची पाण्याची कॅन बाळगायची सवय आजही टिकून आहे. अडचणीला पाणी चालतं, पण तेच कायम भरत राहिलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि गंज रोखणारं द्रव, पातळ होतं आणि आतून गंज धरतो.

त्या गाड्यांचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आडवं बसवलेलं इंजिन घेऊन. अशा रचनेत रेडिएटरला विजेचा पंखा सोयीचा, आणि पुढे तोच रूढ झाला. त्यामुळे बिघाड शोधायची दिशाही बदलली. गाडी सिग्नलला तापते आणि हायवेवर तापमानाचा काटा खाली येतो, तर आधी पंख्याचा फ्यूज, रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि तापमानाचा स्विच पाहावा, कारण वेगात रेडिएटरला वारा आपसूक मिळतो. उलट हायवेवरच तापत असेल तर संशय चोंदलेल्या रेडिएटरवर, अडकलेल्या थर्मोस्टॅटवर (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप) किंवा पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपावर घ्यावा. आणि बाहेर कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घेईपर्यंत गाडी लांब नेऊ नये.