स्थानिक किमतीचे अध्यापन (मराठवाडा)

स्थानिक किमतीचे अध्यापन : दशमान पद्धतीत अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते ही कल्पना, आणि तिच्या आधारे करावयाची बेरीज-वजाबाकी, साधारणपणे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शिकविण्याची पद्धती. ४४ या संख्येतील दोन्ही अंकांची दर्शनी किंमत चार असली, तरी डावीकडच्या चाराची स्थानिक किंमत चाळीस आहे. हे वाक्य पाठ करून घेणे सोपे असते. परंतु चाळीस म्हणजे दहादहाचे चार गट, आणि असा प्रत्येक गट म्हणजे एकाच वेळी ‘एक’ही आणि ‘दहा’ही, हे मुलाच्या मनात रुजायला बरेच महिने लागतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड या आठ जिल्ह्यांत या अध्यापनाला भाषा, शेती आणि स्थलांतर यांमुळे काही वेगळे पैलू लाभले आहेत.

बोली व लेखी क्रम : मराठी संख्यानामात एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी येतो. सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते ऐकले त्या क्रमाने लिहीत असते. दुसरी अडचण संख्यानामांच्या घडणीत आहे. बावीस आणि बत्तीस यांत वीस व तीस ऐकू येतात. पण बावन्नमध्ये पन्नास, बासष्टमध्ये साठ किंवा बहात्तरमध्ये सत्तर सहज सापडत नाही. एकोणीस ते एकोणनव्वद ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून बनली आहेत, त्यामुळे एकोणतीस ऐकताच मुलाच्या हातून ३९ किंवा ३१ लिहिले जाते. आणि या ओळीत शेवटी एकोणशंभर यावे तेथे नव्याण्णव येते. शंभराच्या पुढे शतक आधीच उच्चारले जाते, पण नवी चूक सुरू होते : तीनशे पाच हे ३००५ असे लिहिले जाते, कारण मूल ‘तीनशे’ पूर्ण लिहून त्याच्यापुढे ‘पाच’ ठेवते. या चुकीवर शून्याविषयी व्याख्यान देण्यापेक्षा ३०० च्या कार्डावर ५ चे कार्ड उजव्या कडेला जुळवून ठेवू देणे अधिक उपयोगी पडते.

मराठवाड्याच्या सीमाभागात हा प्रश्न निराळे रूप घेतो. देगलूर-बिलोली परिसरातील तेलुगू आणि उमरगा-उदगीर परिसरातील कन्नड बोलणाऱ्या घरांत वीसच्या पुढची संख्या दशक आधी व एकक नंतर अशीच म्हटली जाते. तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटि’ आणि कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात. म्हणजे घरची मोजणी लेखनाशी जुळणारी आणि शाळेची उलटी, असा पेच या मुलांपुढे येतो. दखनी-उर्दू बोलणाऱ्या मुलांना तो नसतो, कारण उर्दू संख्यानामेही मराठीसारखीच एककापासून सुरू होतात. ‘सेमी’ वर्गांत गणित इंग्रजीतून शिकताना ‘फोर्टी सेव्हन’ लेखनाशी जुळते, मात्र ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांचा घोटाळा नव्याने पदरी पडतो. घरच्या भाषेतील मोजणी वर्गात मोठ्याने म्हणू देण्याला काहीही खर्च येत नाही, तरीही ते क्वचितच केले जाते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात प्रचलित नावांसोबत ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ असे वाचन दिले गेले, तेव्हा राज्यभर वाद उठला आणि तो विधिमंडळापर्यंत पोचला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना होणारा त्रास हे या बदलाचे कारण म्हणून मांडले. वादात भाषेच्या अस्मितेची चर्चा भरपूर झाली, वर्गातील ७४ आणि ४७ यांची मात्र फारच थोडी. बावन्न हा शब्द न सोडता त्याची फोड म्हणून ‘पन्नास आणि दोन’ म्हणवून घेणे हा शिक्षकाच्या हातातला उपाय या वादापूर्वीही होता आणि आजही आहे.

गठ्ठे व सुटे : अध्यापनाचा पाया वस्तू मोजून दहादहाचे गट बांधणे हा आहे. तुरीच्या बारीक काड्या आणि चिंचोके ही येथे फुकट मिळणारी साधने आहेत. काड्यांना रबर लावून दशक बांधता येतो. चिंचोके बांधता येत नाहीत, म्हणून दहा चिंचोके रिकाम्या काडेपेटीत ठेवावे लागतात. गठ्ठा मुलाने स्वतः मोजून बांधणे आणि गरज पडल्यास स्वतः सोडणे महत्त्वाचे आहे. शिक्षकाने आयते बांधून दिलेले दशक मुलाच्या दृष्टीने नुसती जाड काडी ठरते. दहादहा मण्यांचे रंग बदलणारी शंभर मण्यांची गणितमाळ संख्यांचा क्रम आणि अंतर दाखवते. खेळातल्या नोटा त्यानंतर आणाव्यात, कारण दहाच्या नोटेत दहा रुपये डोळ्यांना दिसत नाहीत, ते मानावे लागतात.

गट करून मोजण्याची सवय शेतकरी घरातील मुलांना आधीपासून असते. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा होतो आणि कडब्याचा भाव शेकड्यावर ठरतो; धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. ही मोजणी पूर्णपणे दशमान नाही, त्यामुळे पाचुंद्यावरून थेट दशकावर उडी घेता येत नाही. दोन पाचुंद्यांचा एक दशक आणि दहा दशकांचा शेकडा असे मधले टप्पे मुलांनी स्वतः रचावे लागतात.

हातचा : बेरजेत एककांचे दहा झाले की त्यांचा एक दशक बांधून डावीकडे पाठविणे म्हणजे हातचा. ४२ मधून १८ वजा करताना ३६ असे उत्तर येणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मूल प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. आजची रीत चार दशकांपैकी एक सोडून बारा सुटे करण्याची आहे. जुन्या पिढीची रीत वेगळी होती : बारातून आठ गेले चार, हातचा एक, एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. दोन्ही संख्यांत दहा मिळविल्याने फरक बदलत नाही, म्हणून ही रीतही बरोबरच आहे; पण आजी-आजोबा घरी एक आणि शाळा दुसरी शिकवते तेव्हा मुलाला दोन्ही नियम अर्धेच कळतात.

त्या पिढीचे हिशेब दशमान नव्हतेच. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चालत असे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानातील) रुपये, रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. पै बारावर, आणे सोळावर आणि रुपये दहावर हातचा देत. त्यासाठीच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असावे लागत. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची व्यवहारातील गरज हळूहळू सरली. पाढे पाठ असणे आजही उपयोगी आहे, परंतु त्यातून स्थानिक किंमत आपोआप समजत नाही.

खंड व पडताळणी : २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येण्याचे लक्ष्य आहे. बीडसह मराठवाड्याच्या अनेक भागांतील ऊसतोड मजुरांची मुले दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर जातात आणि उन्हाळा लागता परततात. नेमक्या याच महिन्यांत वर्गात दशक, शतक आणि हातचा शिकविला जातो. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात. परतलेल्या मुलाला वर्गाच्या धड्यावर बसविण्याआधी एक छोटी पडताळणी करणे इष्ट ठरते : सोळा चिंचोके मोजायला लावून, १६ लिहून घेऊन, त्यातला ‘१’ चिंचोक्यांत दाखवायला सांगावे. मुलाने एकच चिंचोका पुढे केला, तर पाठ्यपुस्तकाचे पान कोणतेही असो, काम गठ्ठे बांधण्यापासून सुरू करावे लागते.