वर्कस्पेस आणि विंडोंची अदलाबदल

संगणकावर अनेक विंडो उघड्या असताना एकीवरून दुसरीवर, किंवा विंडोंच्या एका संचावरून म्हणजे वर्कस्पेसवरून दुसऱ्या संचावर जाण्याची रीत. ती माणसागणिक बदलते, म्हणून डेस्कटॉप प्रणालींत तिच्यासाठी वेगवेगळ्या सेटिंग ठेवलेल्या असतात.

झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९८६ साली ‘रूम्स’ ही प्रणाली मांडली गेली. पडदा लहान आणि कामे अनेक, तेव्हा प्रत्येक कामाला एक खोली द्यायची. हवी ती विंडो मात्र एकाहून अधिक खोल्यांतही ठेवता येई. युनिक्स या संगणक-प्रणालीवर ही सोय पुढे रुळली. मॅकमध्ये ती २००७ साली ‘स्पेसेस’ नावाने, तर विंडोजमध्ये २०१५ साली विंडोज १० बरोबर आली.

खरा मतभेद आहे तो क्रमाचा. ऑल्ट+टॅब बहुधा नुकत्याच वापरलेल्या विंडोचा क्रम पाळते. अहवाल लिहिताना आकडे पाहायला एकदा दाबले की स्प्रेडशीट, पुन्हा दाबले की अहवाल. दोन विंडोंसाठी याहून सोपे काही नाही. पण मध्येच एखादी फाइल शोधायला तिसरी विंडो उघडली, की क्रम बदलतो आणि पुढच्या दाबाला भलतीच विंडो समोर येते. सात-आठ विंडो झाल्या की दर वेळी यादी वाचावी लागते, लिहिण्याची तंद्री मोडते. ज्यांना जागा लक्षात राहते त्यांना म्हणूनच ठरलेले क्रमांक आवडतात. लिनक्सवर चालणाऱ्या आयथ्री या विंडो-व्यवस्थापकात मॉड (शॉर्टकटसाठी ठरवलेली कळ) + ३ दाबले की तिसरी वर्कस्पेसच येते. तिथे काय आहे हे बोटांना पाठ झालेले असते. मॅकमध्ये अलीकडच्या वापरानुसार स्पेसेसची जागा आपोआप बदलते. हा पर्याय मुळात चालू असतो. तो बंद असायला हवा होता, कारण वापरणाऱ्याने लावलेली मांडणी त्याला न विचारता हलते.

दुसरा प्रश्न अ‍ॅप की विंडो, हा. मॅकवर कमांड+टॅबने अ‍ॅप बदलते, त्याच अ‍ॅपच्या विंडोंसाठी वेगळा शॉर्टकट आहे. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपनेही २०११ च्या ग्नोम ३ आवृत्तीत अ‍ॅपनुसार गट केले. दोन मसुदे शेजारी ठेवून ताडून पाहणाऱ्याला हे जाचते. तो शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑल्ट+टॅब ‘विंडो बदला’ या क्रियेला जोडतो.

वर्कस्पेस उभ्या की आडव्या, हाही सवयीचाच भाग. ग्नोम ३ मध्ये त्या एकाखाली एक होत्या, मार्च २०२१ च्या ग्नोम ४० मध्ये शेजारी-शेजारी आल्या. केडीई या लिनक्सवरच्याच दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये वर्कस्पेसच्या ओळी किती, हे आपण ठरवतो.

दोन मॉनिटर असतील तर आणखी एक निवड करावी लागते. ग्नोममध्ये वर्कस्पेस फक्त मुख्य पडद्यापुरत्या ठेवता येतात. मग दुसऱ्या पडद्यावरचा संदर्भग्रंथ जागचा हलत नाही, पहिल्यावर कितीही कामे बदलली तरी.