आकडे जुळवा: चार चारांपासून चोवीसपर्यंत

ट्रॅफिकमध्ये अडकलं की पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटचे चार आकडे घेऊन बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करत १० करायचे, हा खेळ मुंबईतल्या पोरांना वेगळा शिकवावा लागत नाही, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच शिकवतो. व्हॉट्सॲपवर त्याचाच भाऊ फिरतो, "चार वेळा ४ वापरून १९ करा", आणि खाली हमखास भांडण. भांडण आकड्यांवरून नसतं, कुठली चिन्हं चालतील यावरून असतं, आणि ते बरंच जुनं आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस डिलवर्थच्या शाळेच्या गणिताच्या पुस्तकात एक मुलगा भावाला म्हणतो, चार ३ असे मांडून दाखव की बरोबर ३४ होतील. उत्तर ३३ + ३/३. दोन ३ शेजारी ठेवून तेहेतीस करायचे हे चालतं का, असं तिथे कोणी विचारत नाही, गृहीतच.

४ चं कोडं छापून आलं १८८१ मध्ये, लंडनच्या 'नॉलेज' मासिकात, संपादक खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टर. पत्र लिहिणाऱ्याचं म्हणणं, १ ते २० सगळे होतात, फक्त १९ नाही. आता अकरावी-बारावीचं कुठलंही पोरगं सांगेल, फॅक्टोरियल घ्या ना, ४! म्हणजे ४ × ३ × २ × १ = २४, त्यातून ४ घालवा, मग ४/४ घालवा, झाले १९. नाहीतर दशांश चिन्ह घ्या, (४ + ४ − .४) ÷ .४, तरी १९च. एक चिन्ह आत घेतलं की अशक्य गोष्ट दोन मिनिटांची होते. हे टोकाला नेलं ते भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने, वर्गमूळं एकात एक घालत आणि वर दोनदा लॉग (संख्या २ चा कितवा घात आहे ते सांगणारी क्रिया) घेऊन फक्त तीन २ मधून हवी ती पूर्ण संख्या काढायची युक्ती त्याच्या नावावर आहे. त्यानंतर 'सगळं चालेल' म्हणून खेळण्यात मजाच उरत नाही, निदान मला तरी.

मधे इंग्रज कोडीकार ड्यूडनीचं १ ते ९ ओळीने लिहून १०० करायचं कोडंही येऊन गेलं: १२३ − ४५ − ६७ + ८९, फक्त तीन चिन्हं, एकदम देखणं.

टीव्हीने मात्र नियम आवळले. फ्रान्समध्ये आर्मां जामोने १९६५ मध्ये शब्दांचा कार्यक्रम काढला, १९७२ मध्ये त्यात आकडे आले, आणि त्यावरूनच ब्रिटनचा 'काउंटडाउन', जो २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल ४ सुरू झालं त्याच दिवशी सुरू झाला. सहा आकडे, तीन अंकी टार्गेट, ३० सेकंद, फक्त चार क्रिया, प्रत्येक आकडा जास्तीत जास्त एकदा आणि मधल्या पायरीत अपूर्णांक नाही. नव्वदच्या दशकात एका स्पर्धकाने २५, ५०, ७५, १००, ३, ६ मधून ९५२ काढले ते अजून लोक शोधून बघतात: १०० + ६ = १०६, गुणिले ३ = ३१८, गुणिले ७५ = २३,८५०, वजा ५० = २३,८००, भागिले २५. एवढा मोठा आकडा हवेत धरून ठेवायचा, तेही घड्याळ चालू असताना!

चीनमधला २४ चा खेळ पत्त्यांवर चालतो, चार पत्ते उघडा आणि २४ करा. शांघायमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट सन यांनी अमेरिकेत १९८८ मध्ये त्याची वेगळी कार्डं काढली, ती शाळाशाळांत गेली. विरार लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटणाऱ्या मंडळींनी एकदा करून बघावा, पत्ते तेच लागतात. पण ३, ३, ८, ८ आले तर अंधेरी ते बोरिवली जाईल, कारण उत्तर ८ ÷ (३ − ८/३), म्हणजे ८ भागिले एकतृतीयांश. २४ मध्ये हे चालतं, काउंटडाउनमध्ये बाद.