ज्वालामुखीवर ढकललेलं खापर

‘एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या वर्षभराच्या धुरापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग कपात आम्हीच का करायची?’ हा युक्तिवाद वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चूक आहे. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्ध्या अब्ज टनाच्या आतच हा वायू सोडतात. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण 35 अब्ज टनांहून जास्त.

1991 साली फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, तेव्हा सुमारे 5 कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघाला. आज आपण तेवढा अर्ध्या दिवसात सोडतो. वर त्याच्या गंधकाच्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पृथ्वी काही काळ अर्ध्या अंशाने थंडावली!

कपातीचा भार श्रीमंत देशांनी किती उचलायचा, यावर खुशाल भांडा. तो वाद खरा आहे. धूर कुणाचा, हा वाद मात्र मिटलाय. हवेतल्या कार्बन-13चा, म्हणजे कार्बनच्या जरा जड प्रकाराचा, वाटा घटतोय. कोळशा-तेलात तो कमी असतो, ज्वालामुखीच्या वायूत तितका कमी नसतो. म्हणजे हवेत पडणारी भर आपल्याच धुराची.